बदल अर्ज

धर्मादाय कार्यालयाच्या कागदावर
माझं नाव ‘कमी झालेले विश्वस्त’ या रकान्यात,
तिचं ‘नवीन’मध्ये.
आश्लेषा खुडे, वय तेवीस, राहणार दांडेकर पूल.
व्यवसायापुढे तिनं लिहिलं :
शिकवण्या, आणि जमेल ते.

नारायण पेठ, दुसरा मजला.
बत्तीस वर्षं, दर मंगळवारी अकरा वाजता
मी एकाचे पैसे दुसऱ्याला दिले,
पावती घेऊन.
पैसा इकडचा तिकडे झाला नाही.
हे मी सांगायला नको, पण सांगतो.

पहिल्याच सभेत तिनं वेळ बदलली.
“अकराला कोण येणार, काका?
ज्यांना गरज आहे
त्यांची तेव्हा तिसऱ्या घरची भांडी चालू असतात.”
आता रात्री साडेआठ.
इरफान येतो फुरसुंगीहून, हेल्मेट टेबलावर ठेवतो.
सोमणांची धाकटी मोबाइलवर ताळेबंद दाखवते,
मी चष्मा पुसत राहतो.

मग तिनं छापील अर्ज घेतला. चार पानी, माझाच मसुदा.
नगरसेवकाची शिफारस : काट.
वडिलांची सही : “वडील नसले तर?” काट.
शेवटी, ‘विद्यार्थ्याने स्वहस्ते आभारपत्र लिहावे’.
“एवढं राहू दे,” मी म्हणालो,
“वळण लागतं मुलांना.”

ती उठली. कपाट उघडलं,
किल्ली आता तिच्याकडे असते.
दोन हजार तेराची फाइल.
एक रेघी कागद, सातवीतलं अक्षर :
‘आपल्या क्रुपेने मला सायकल मिळाली.’
‘क्रुपे’खाली लाल रेघ.
समासात, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.
खाली सही. तारीख. माझी.

मला मुलगी आठवेना.
पेन आठवलं.

“सायकल छान होती,” ती म्हणाली,
“बारावीपर्यंत चालली.
पत्र तीनदा लिहिलं होतं.”
इरफान चहा सांगायला गेला, उगाच.

ठराव क्रमांक सात. रकाना वगळणे.
सूचक, खुडे.
अर्ज मंजूर होईपर्यंत मी आहे अजून,
आणि इतिवृत्त मीच लिहितो, अक्षर बरं आहे म्हणून.
अनुमोदकाची जागा कोरी होती,
तिघंही मुद्दाम दुसरीकडे बघत होते.
सोमणांच्या मुलीकडून निळं पेन मागून घेतलं.

निघालो तर जिन्यात मिट्ट अंधार.
बत्तीस वर्षं चढलो-उतरलो, नेहमी उजेडात;
इथे दिवाच नाही, हे कळलं नव्हतं.
कठड्याला धरून, पायरी चाचपत
मी खालून विचारलं,
दिव्याचा खर्च कुठल्या खात्यात टाकणार?
वरून कोणी तरी हसलं.
आणि मोबाइलचा उजेड
माझ्या पायांपाशी आला.