शनिवारचा वर्ग, ब्लॅकबर्न

उबैदचा लव्हबर्ड गुरुवारी मेला.
ओला कोट न काढताच बसलाय मागे.

फळ्यावर मी 'सबर' लिहिलेलं:
दरीत कोंडलेली माणसं, तीन वर्षं,
पानं चावून काढलेले दिवस,
रात्रभर रडणारी लेकरं.

पुसलं.
म्हटलं, मदिनेत एक पोर होतं,
त्याची चिमणी मेली,
तर पैगंबरांनी त्याला जवळ घेऊन
विचारलं तिचं.

चिमणी म्हणजे उबैदला ठाऊक ती
आजोबा राबले त्या गिरणीची, विटांची.
मी हातांचे पंख करून दाखवले.

बऱ्याच वेळाने म्हणाला,
"पुरली कुठे त्याने?"

किताबात नाही हे.
"नाय म्हाईत," मी म्हटलं.

तेव्हा त्याने कोटाच्या खिशातून
आजोबांच्या चष्म्याचं घर काढलं,
माझ्या टेबलावर ठेवलं,
हळूच.