दोन बोटं तडा

काच नवी नव्हती, हे मला ठाऊक होतं.
नवी अडीच हजारांची, ही नऊशेची,
भंगारातल्या एका ओम्नीची.
त्या गाडीचं तोंड तेवढं शाबूत राहिलं होतं,
मागचं सगळं गेलेलं.

"तडा हाय ताई. खाली, डाव्या कोपऱ्यात. दोन बोटं."
मोईनभाईंनी आधीच सांगितलं,
आणि बोटं तिथं ठेवून दाखवली.
त्या हाताला तिसरं बोट नाहीच.
मी विचारलं नाही. काचेचं काम.

माझी जुनी काच पाथरी रोडवर गेली,
खडीच्या डंपरमागं, सकाळी सव्वासहाला.
एक खडा. सुपारीएवढा.
तेवढ्यानं अख्खा रस्ता जाळ्यात अडकला:
बाभळी, मैलाचा दगड, समोरून येणारी म्हैस,
सगळ्यांचे तुकडे,
आणि एकही तुकडा खाली पडेना.
खिडकीतून मान बाहेर काढून
तशीच नेली मानवतपर्यंत, अठरा किलोमीटर.
टोस्ट, खारी, नानकटाई, सगळं वेळेवर पोचलं.
डोळे मात्र दोन दिवस लाल.

आता दुपारचे दोन. परभणी.
पत्र्याला हात लावायची सोय नाही.
मोईनभाईंनी ताडपत्री बांधून सावली केली,
आमच्यासाठी नव्हे, तड्यासाठी.
"ऊन लागलं की औषध आधीच गोठतं,
मग भेगेत शिरत न्हाई."
बारीक ड्रिलनं तड्याच्या टोकाला एक भोक पाडलं,
मोहरीएवढं.
"तडा पळत असतो ताई.
म्होरं गोल लागलं की थबकतो.
कुठं जावं ते कळत न्हाई त्याला."
हे ते काचेबद्दलच म्हणाले.
मीही त्यात दुसरं काही शोधलं नाही,
उकाडाच तेवढा होता.

सुईनं एक थेंब. थांबले.
दुसरा थेंब.
चहा आला, साय धरून बसला.
मग ताडपत्री सर्रकन ओढली,
आणि ज्या उन्हात आमच्या गल्लीत कुरडया वाळतात
तेच ऊन तड्यात उतरलं.
नख मारून पाहिलं. टणक.

रबर साबणाच्या पाण्यात बुचकळलं,
खाचेतून नायलॉनची दोरी चहूकडून फिरवली,
दोन्ही टोकं गाडीत.
आत मुंजाजी बसला, माझ्या सीटवर, टोस्टच्या चुऱ्यावर.
बाहेरून मोईनभाईंचे तळवे, आणि माझेही,
कारण चौथं माणूस जेवायला गेलं होतं.
"मुंजाजी, हळू. दोरी वढायची, काच न्हाई."
रबराचा ओठ इंच इंच उलटत
पत्र्यावर बसत गेला.
अन् वरच्या कोपऱ्यात
टच्.

तिघंही थिजलो.
दोरी मुंजाजीच्या मुठीत, अर्धी.
मोईनभाईंनी काचेला कान लावला,
शेजारच्या भिंतीला लावतात तसा.
बराच वेळ.
"रबर होतं," म्हणाले,
आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

शेवटी ब्लेड घेऊन वरच्या पट्टीकडे वळले.
तिथं नाव होतं, पिवळ्या अक्षरांत: स्वरांजली.
कुणाची तरी लेक असणार.
'ली' गेला, 'ज' गेला.
"त्या गाडीत कुणाला काही झालं न्हवतं,"
ते म्हणाले, मी विचारायच्या आधीच,
माझ्याकडे न बघता.
"राहू द्या तेवढं," मी म्हटलं.

आता मानवतहून परतताना ऊन समोर असतं.
रिकाम्या ट्रेवर दोन अक्षरांची सावली पडते,
उलटी.
वळणावर ती माझ्या हातावर येते, मग उतरते.

रोज गाडी लावली की कोपऱ्यात बोटं ठेवून मोजते.
अडीच भरतात.
माझी बोटं बारीक आहेत.
मोईनभाईंची दोनच असतील.