साडेसहा फूट कागद

आमच्याकडे माणूस फुटांनी मोजतात.
आर्विला टॉलेफसन : साडेसहा फूट.
म्हणजे फळीवर खेटून ठेवलेली राखाडी खोकी,
तळघरात,
जिथे बारा महिने हवा एकाच अंशावर थांबलेली.
वर डुलुथमध्ये सरोवर गोठतं, सुटतं,
खनिजाची जहाजं भोंगा वाजवून बंदरात शिरतात.
खाली मी टाचण्या काढते.
गंजलेल्या. एकेक. नियमच आहे तसा.

पहिल्या तीन खोक्यांत नाटकं.
नाटकं नव्हेत, त्यांच्या भिंती.
अर्धा इंच म्हणजे एक फूट, या मापाने
एक स्वयंपाकघर, एक तुरुंग, एका विधवेचा दिवाणखाना,
पुन्हा तेच स्वयंपाकघर, निळं रंगवलेलं,
कारण त्या वर्षी पैसे नव्हते.
कापडाची बिलं. सरसाची बिलं.
सुताराची चिठ्ठी :
"जिना तिसऱ्या पायरीवर कुरकुरतो. दुरुस्त करू?"
खाली पेन्सिलीने तिचं उत्तर :
"राहू दे. तिथेच तिला कळतं, घरात कुणीतरी आहे."

एकवीस वर्षं. सहासष्ट नाटकं.
आणि प्रत्येकाच्या शेवटी एक यादी :
काय मोडलं, काय कचऱ्यात, कुठले खिळे सरळ करून परत वापरायचे.
रविवारी शेवटचा प्रयोग.
सोमवारी सकाळी हातोडे.
मंगळवारी रिकामा मंच, झाडलेला.

मग एक कात्रण, मार्च एक्क्याऐंशी.
नट वाक्यं विसरले, दिग्दर्शकाचा तोल गेला,
आणि खापर फुटलं नेपथ्यावर.
तिने ते जपलंय, घडीसुद्धा न घालता.
मागच्या कोऱ्या बाजूला
मातीच्या एका व्यापाऱ्याचा पत्ता,
शंभर पौंडांचा भाव,
आणि प्रश्नचिन्ह.

अर्थ लावणं माझं काम नाही.
मी फोल्डरवर तारीख घालते.

चौथ्या खोक्यात वही तीच,
पण उलटी करून मागून सुरू केलेली.
पुढून रंगमंच, मागून झिलई.
फेल्डस्पार चाळीस, राख तीस, लोखंडाचा गंज दोन.
(माझ्या टाचण्या तिने टाकू दिल्या नसत्या.)
"बर्चची राख, ओलाफच्या चुलीतली.
हिरवट आली. दवाखान्याच्या भिंतीसारखी हिरवट."
मध्यावर कुठेतरी दोन्ही एकमेकांत घुसतात :
एक दार, जे कुठेच उघडत नाही,
आणि त्याच्यावर, डोकं खाली पाय वर,
एका बरणीचा कान.
स्कॅन करणाऱ्या मुलाने विचारलं, सुलटी बाजू कुठली?
म्हटलं, दोनदा कर.

मला वाटलं होतं, टिकावं म्हणून गेली असेल मातीकडे.
तसं मी परिचयात लिहूनही ठेवलं होतं, छान वाक्य होतं.
मग सहाव्या खोक्यात बहिणीला लिहिलेलं,
न पाठवलेलं पत्र :
"सगळे म्हणतात, आता तुझं काम राहील.
मारित, भट्टी उघडली की निम्मं तडकलेलं निघतं.
मी बादली घेऊनच जाते.
सोमवारची सवय आहे मला."

वाक्य खोडलं.

भांडी इथे नाहीत. आम्ही फक्त कागद घेतो.
भाच्याने व्हॅनमधून एकेचाळीस बरण्या आणल्या होत्या,
वर्तमानपत्रात गुंडाळून, लहान मुलांसारख्या पट्ट्याने बांधून.
मी दारातच नियम वाचून दाखवला.
तो म्हणाला, बरं.
आणि बराच वेळ व्हॅन सुरू न करता बसून राहिला.

पण एका पावतीच्या कोपऱ्यावर
अंगठा उमटलाय, मातीचा, रेषांसकट.
नियम म्हणतो, मऊ ब्रशने झटकावं.
मी ब्रश उचलला. शेऱ्यात लिहिलं :
"डाग. काढलेला नाही."
कारण लिहायला तिथे रकाना नव्हता.

संध्याकाळी दिवे मालवून वर जाताना
आमचा जिना कुरकुरत नाही.
काँक्रीटचा आहे.
तिसऱ्या पायरीवर थांबून पाहिलं.