शनिवार, आठ वाजून पाच

चियातुरात आज गुरुवारच आहे.
झुझुना पेपरातल्या कार्यक्रमांच्या चौकटीवर
भुवया कोरायच्या पेन्सिलीने गोल काढते:
शनिवार, आठ वाजून पाच. जुनी नृत्यं, कृष्णधवल.
तिसऱ्या रांगेत, डावीकडून चौथी,
ती.
म्हणजे तिचं कोपर.
पुढची उंच लामारा
तेव्हाही आडवी आली होती, परवाही येईल.

रविवारी दुपारी दोन कवी भांडणार,
यमक मेलं की जिवंत आहे यावर.
तेवढ्यात राजमा निवडून होईल.

मग रात्री पुरुषांचं समूहगान.
ते ती आवाज बंद करून बघते:
खालच्या सुरातली माणसं
गाताना हनुवटी आत ओढतात,
गुराम ओढायचा तशी.

शेजारच्या ओतारला तिने सांगून ठेवलंय,
शनिवारी मी बहिणीकडे चाललेय, येऊ नकोस.
बरं, म्हणाला तो.
आणि अर्ध्या जिन्यावरून परत वर आला.
अँटेना तेवढी आजच घट्ट करून देतो,
आठच्या सुमाराला खाणीकडून वारा सुटतो.

तिने स्टूल पुढे केलं,
बाही उगाचच
खाली ओढली.