माया

पहिल्या टप्प्याला तारखा होत्या,
दुसऱ्याला ग्रॅम,
तिसऱ्यापुढे नुसती एक रेघ.
इथे काही लिहायचं राहिलं का, मी विचारलं.
शर्वाणी गुजर म्हणाली, नाही, तेवढंच आहे.
वयाने माझ्या धाकट्या नणंदेएवढी,
टेबलावर प्लास्टिकची फळं.

धनकवडीत शेवटच्या थांब्यामागे माझं दुकान,
म्हणजे गाळा, म्हणजे दोन मशीन आणि मी.
तेवीस वर्षं बायकांची मापं घेते.
कंबरेशी टेप आली की बायका पोट आत ओढतात.
मी थांबते.
श्वास किती वेळ धरून ठेवणार?
सोडला की आकडा लिहिते.

स्वतःचं माप मात्र
आरशाकडे पाठ करून घेतलं.

चौदा दिवस भात नाही, पोळी नाही, साखर नाही.
मूग, दुधी, काकडी, ताक, परत मूग.
पाचव्या दिवशी काजं करताना हात थरथरला,
आठव्या दिवशी शेजारच्या गिरणीतलं
कोरडं पीठसुद्धा गोड वासाचं झालं.
अकराव्या दिवशी इनामदारांची सून पेढे घेऊन आली,
ब्लाउज छान बसला म्हणून.
"घ्या हो, एकाने काय होतंय?"
एकाने काय होतं ते मला तोंडपाठ.
तरी घेतला, बटणांच्या डबीत ठेवला.
तीन दिवस होता तिथे.
मग मुंग्यांनी टप्पा वगैरे न पाळता संपवला.

याआधी दोनदा उतरलेय मी.
एकदा भावाच्या लग्नाआधी, नुसत्या पपईवर,
एकदा कुठलीशी पावडर पिऊन.
दोन्ही वेळा ऐटीत ब्लाउज आत घेतले
आणि आतली माया कात्रीने कापून टाकली.
आता कुठे लागतेय, म्हटलं.
दिवाळीपर्यंत काखेत काचायला लागलं.
उसवलं, तर सोडायला कापडच नव्हतं.
नऊ ब्लाउजांची फडकी झाली.
त्यातलं मोरपंखी अजून मशीनवर फिरवते, रोज.

दुसरा टप्पा: आठवड्यातून दोनदा, अर्धी वाटी भात.
आंबेमोहोर शिजत होता तेव्हा मी ओट्याला टेकून उभी,
कुणाची तरी गाडी यायची असल्यासारखी.
अर्धी वाटी म्हणजे किती,
हे सत्तेचाळीस वर्षांत माहीतच नव्हतं.
आमच्याकडे भात वाढणाऱ्याच्या हातावर.
आपण नको म्हणायचं,
त्यांनी वाढायचं,
दोघांनीही खरं बोलायचं नाही.

पहाटे तळजाई. झाडीत मोर केकाटतात.
एक निवृत्त गृहस्थ रोज सांगतात,
ताई, चालताना हात हलवावेत.
हलवते.
दोन महिने काटा हलला नाही, तेव्हाही हलवत होते.

सात महिन्यांत बारा किलो.
शर्वाणी म्हणाली, आता यायची गरज नाही.
बाहेर आले, तर शाळा सुटल्याचा आनंद नाही;
सगळे घरी गेले आणि
मला एकटीलाच वर्गात ठेवलं, तसं काहीतरी.
आज काय बंद आहे?
काहीच नाही.
अवघड ते हेच.

रात्री खणाचा जांभळा ब्लाउज काढला,
दोन्ही बाजूंनी पाऊण पाऊण इंच आत घेतला.
कात्री हाताशीच होती.
माया तशीच ठेवली.
दुमडून हातशिलाई घातली, अंगाला टोचू नये म्हणून.
मुलगा म्हणाला, म्हणजे तुलाच खात्री नाही.
मी दोरा दाताने तोडला.
गिऱ्हाइकाला कधी बिनमायेचं शिवून दिलं नाही,
एका मलाच देत आले.

फ्रिजवरचा कागद आता कडेने तेलकट झालाय.
रेघेपुढे अजून काही लिहिलेलं नाही.
उद्या मंगळवार.
अर्धी वाटी,
वर लिंबू.