नावं ठेवणारी

माझं काम विचाराल तर नावं ठेवणं.
बिनपगारी. रात्रीच्या जेवणानंतर,
ईसाफ्योर्दुरच्या बंदरासमोर दुसऱ्या मजल्यावर
हीटरला तळपाय टेकवून.

भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा एक प्रोग्रॅम आहे,
कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून सगळ्यांचा.
कोळी वापरतात, धक्क्यावरचे क्रेनवाले वापरतात,
आणि कुठल्या तरी किनाऱ्यावरून कुणीतरी
त्यातल्या चार ओळी बदलून पाठवतं.
त्या चालतात का, ते यंत्र सांगतं.
वाचता येतात का, ते मी.

आज बेइराहून झेफानियास. वय एकोणीस.
हिशेब चोख, पण नावं?
क, क२, टेंप, टेंप_नवा, टेंप_खरा.
मी लिहिलं : म्हणजे आधीचा टेंप खोटा होता का?
मी लिहिलं : हे एका दमात वाचून दाखव,
मला तिसऱ्या कंसापाशीच धाप लागली.
मग दोन्ही खोडलं
(पोट भरलं की मी जरा तिखट होते)
आणि लिहिलं : क२ म्हणजे काय? मला कळलं नाही.
एवढंच.
एवढं लिहायला शिकण्यात माझी बारा वर्षं गेली.

उत्तर लगेच. तिकडे अकरा वाजून गेले असतील.
क२ म्हणजे धक्क्याच्या पायरीपासून पाण्यापर्यंतचं अंतर.
बदलतो.
आणि माफ करा, पण वरच्या ओळीत ४७ आहे. ते कशाचे?

वरची ओळ.
उंबऱ्यासारखी रोज ओलांडलेली, न बघता :
जर साल < १९६८, तर वेळ = वेळ + ४७
शेजारी टीप नाही. लिहिणारा हाफ्लिदी,
आणि तो मागच्या हिवाळ्यात गेला.
४७ काढून पाहिले. तीनशे चाचण्यांतली
एकच कोसळली, मार्च १९६३ ची.

थोर्दिसला फोन लावला. नवरा गेल्यापासून
तिला उशिरापर्यंत झोप नसते.
ती हसली. अगं, ते घड्याळ!
बंदराच्या खोलीतलं. सत्तेचाळीस सेकंद मागे.
गावाला ठाऊक होतं, म्हणून कुणी दुरुस्त केलं नाही,
पाण्याच्या नोंदी त्यावरच व्हायच्या.
पोरवयात हाफ्लिदी त्याला किल्ली द्यायचा.

गावाला ठाऊक असलेलं गाव लिहून ठेवत नाही.
मग गाव म्हातारं होतं.

झेफानियासच्या चार ओळी आत घेतल्या.
पाचवी माझी, ४७ पुसून :
जुन्या_घड्याळाची_दिरंगाई.
नाव लांबलंय. समासाबाहेर कोपर काढून बसलंय.
बसू दे.
खाली धक्क्याला एक नाव लागत होती,
तिच्यावरचं नाव मिठानं खाल्लेलं,
तरी दोर झेलणाऱ्यानं तिला बरोबर हाक मारली.
तो आहे तोवर ठीक.

दिवा मालवणार, तेवढ्यात माझ्या ओळीखाली
झेफानियासचा शेरा, अदबीनं :
कोणत्या गावचं घड्याळ?
जुनं घड्याळ आमच्याही बंदरात आहे.