लामझिराचं पान

माझ्या दुकानात दोन वह्या आहेत.
एक कर खात्याची, स्वच्छ, खोटी नाही पण अपुरी.
दुसरी निळी, काउंटरखाली, तेलाचे डाग पडलेली.
तिच्यात आमची सगळी वरची आळी राहते.

चौदावं पान लामझिराचं.
नवरा मँगनीजच्या खाणीत, पगार दहा तारखेला,
किंवा अकराला, किंवा कुणी सांगावं.
मुलं तीन. मधल्याचे पाय
बुटांपेक्षा भराभर वाढतात.

पाव रोज चार. वीस तारखेनंतर तीन.
पंचविशीनंतर दोन, आणि मक्याचं पीठ.
चीज पाव किलो, फक्त रविवारी.
साबण एकच, कपड्यांचा; तोच केसांनाही,
कारण शाम्पू माझ्याकडून नेल्याला दीड वर्ष झालं
आणि तिचे केस माझ्यापेक्षा बरे आहेत.

ती कधी म्हणत नाही, थोडं कमी द्या.
घरूनच मोजून येते.
एकदा बटाटे तोलताना मी मुद्दाम काटा झुकू दिला.
तिनं एक बटाटा उचलून टोपलीत परत टाकला.
बोलली काही नाही.
धुकं उतरतंय, एवढंच म्हणाली.

ऑक्टोबरात तिनं साखर नेली. आठ किलो.
पेन हातात धरून मी थांबले.
आठ किलो म्हणजे लग्न,
नाहीतर चाळिसाव्या दिवसाचं जेवण,
आणि त्या घरी दोन्ही नव्हतं.
मनात म्हटलं, अंथरूण बघून पाय पसरणारी बाई,
हिनं एका रात्रीत पाय बाहेर काढले.

नोव्हेंबरात तेल नाही.
डिसेंबरात एकाही रविवारी चीज नाही.
साखरेचे पैसे ती दहा-दहा लारीनं फेडत राहिली,
मी आकडा खोडताना वाकून बघायची,
रेघ पूर्ण गेली का.

जानेवारीत खाण बंद. संप. अठरा दिवस.
खनिजाचे पाळणे दरीवर तारेला लोंबत राहिले,
बर्फ साठून पांढरे.
आळीची पानं भरत गेली, एकही रेघ खोडली गेली नाही,
आणि लामझिराचं पान कोरं.
खरं सांगते, मी घाबरले.
उधारी वाढली की दुकानदार चिडतो,
थांबली की त्याला झोप येत नाही.

मग ती आली. टोपलीत बरण्या.
अंजिरांचा मुरंबा, काळपट, देठांसकट.
"चोवीस स्टेशनवर खपल्या," म्हणाली,
"या सहा तुमच्या फळीवर ठेवा, विकल्या तर माझ्या पानातून वजा करा.
ही सातवी विकायची नाही."

तिला कसं कळलं?
मी कुणाला बोलले नव्हते
की माझ्याही घरी येणारा पैसा एकच, हे दुकान,
की माझंही एक पान आहे
कुतायसीच्या घाऊकवाल्याच्या वहीत,
जिथं संपाचे दिवस कुणी वगळत नाही,
की वीस तारखेनंतर मी न खपलेला पाव
चुलीवर पाणी शिंपडून मऊ करते.
काट्याकडे बघणारी बाई
फळ्यांकडेही बघत असणार,
कुठली महिनाभर भरली गेली नाही ते.

सहा विकल्या. वजा केल्या.
सातवी कुठं लिहू?
जमेला की नावे?
पेन बराच वेळ वर राहिलं.
शेवटी समासात नुसती तारीख टाकली.

आज बारा. पगाराचा पत्ता नाही.
मधला आला, गिगिला, बापाचे बूट घालून,
पुढच्या टोकात कागद कोंबलेला, चालताना वाजणारा.
"आईनं तीन पाव सांगितलेत."
मी चार बांधले.
दारात थांबून
त्यानं पिशवी उघडली,
मोजायला लागला.